श्रावणबाळचे पैसे ‘पडले’, पण कुठे?

प्रश्न : सासूबाईंना श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळतात. गेले काही महिने जिल्हा बँकेच्या पासबुकात नोंदच नाही. तहसीलात म्हणतात, ‘पैसे पडलेत.’ बँक म्हणते, ‘आमच्याकडे आलेच नाहीत.’ मध्यंतरी दुसऱ्या एका बँकेचा माणूस गावात टेबल टाकून खाती उघडत होता, तेव्हा सासूबाईंनीही अंगठा दिला होता. त्याचा काही संबंध?
– एक वाचक, माण तालुका

उत्तर : ताई, बहुतेक तिथेच पाणी मुरतंय. तहसील आणि बँक, दोघंही खरं बोलत असतील. मी बँकेत काउंटरवर होतो तेव्हा तहसीलातून नावांची आणि खाते क्रमांकांची यादी यायची, त्याप्रमाणे आम्ही रकमा टाकायचो. आता डीबीटीत, म्हणजे सरकारी अनुदान थेट खात्यात जमा करायच्या पद्धतीत, पैसे आधार क्रमांकावर निघतात. एनपीसीआय ही बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था; तिच्या नोंदीत त्या आधारापुढे ज्या बँकेचं नाव असेल, तिकडे जातात. तिथे एका वेळी एकच बँक राहते. नवी चढली की जुनी उतरते. मग पीएम किसानचे २००० असले तरी तेही नव्या खात्यातच. अर्जात खाते क्रमांकाचा रकाना असतो आणि लोक त्यावरच विसंबतात, हे दुर्दैव.

बँकेत ‘आधार लिंक आहे का?’ असं विचारू नका. ‘आहे’ म्हणतील, कारण केवायसीला जोडलेलं असतंच. ‘डीबीटीचं सीडिंग तुमच्याकडे आहे का?’ असं विचारा. सीडिंग म्हणजे एनपीसीआयच्या नोंदीत आधारापुढे त्या बँकेचं नाव असणं. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर माय आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. खाते क्रमांक दिसणार नाही, बँकेचं नाव मात्र दिसेल.

नाव त्या दुसऱ्या बँकेचं निघालं तर पैसे बुडालेले नाहीत, त्या खात्यात पडून आहेत. बँक मित्राकडे, म्हणजे गावात अंगठ्यावर पैसे काढून देणाऱ्या बँकेच्या प्रतिनिधीकडे, त्या बँकेचं नाव सांगून आधी शिल्लक बघा, मग काढा, पावती घ्या. खुरपून खुरपून सासूबाईंच्या बोटांच्या रेषा झिजल्या असतील. एक बोट लागलं नाही तर दुसरं लावू द्या. तेही जमेना, तर थेट त्या बँकेची शाखा गाठा.

पुढचे हप्ते जिल्हा बँकेतच हवे असतील तर तिथे सीडिंगचा संमती अर्ज द्या आणि त्यात सध्याच्या बँकेचं नाव लिहा. स्टेटसमध्ये जिल्हा बँकेचं नाव येईपर्यंत दुसरं खातं बंद करू नका. आणि पुन्हा कोणी टेबल टाकून बसलंच, तर अंगठ्याआधी विचारा : सरकारी अनुदान या खात्यात वळवायची संमती यात आहे का?