पॅरामीटर म्हणजे प्राचल, मापदंड की नियतांक?

खानापूर तालुक्यातल्या एका मुलीने विचारले आहे. दहावीपर्यंत ती मराठी माध्यमात शिकली, आता बेळगावात बीएस्सी करते. वर्गात बहुचल कलन (मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस) सुरू झाले आहे आणि त्यात 'पॅरामेट्रिक सरफेस' आला. ती लिहिते : "मराठीत याला काय म्हणायचे? एका ठिकाणी मापदंड मिळाले, एका पुस्तकात प्राचल आहे, कन्नड मैत्रिणीच्या वहीत नियतांक. बरोबर कोणते? आणि चेंडू तर तीन मितींत असतो, मग त्याच्या पृष्ठाला पॅरामीटर दोनच का पुरतात?"

तुझे दोन्ही प्रश्न खरे तर एकच आहेत. शब्द नीट कळला की दोनच का पुरतात तेही कळते.

आधी मापदंड बाजूला ठेव. बातम्यांत 'गुणवत्तेचे पॅरामीटर' असे येते तेव्हा मापदंड किंवा निकष हे शब्द चालतात, कारण तिथे कशाच्या तरी आधाराने पारख करायची असते. गणितात पारख नाही. पॅरामीटर हा मूळचा ग्रीक जोड : 'पॅरा' म्हणजे शेजारी, 'मेट्रॉन' म्हणजे माप. सतराव्या शतकात शंकुच्छेदांच्या भूमितीत आपण ज्याला नाभिलंब म्हणतो त्या रेषाखंडाला हे नाव होते. पुढे अर्थ रुंदावला आणि मुख्य चलांच्या शेजारी उभे राहून त्यांना चालवणारी राशी, असा झाला.

महाराष्ट्राच्या शासकीय परिभाषेत यासाठी प्राचल आहे, हिंदीतही तोच. मला हा शब्द आवडतो, कारण त्याच्या पोटात 'चल' आहे. खरं (आपल्याकडचे 'खरं', म्हणजे 'पण') तुझ्या मैत्रिणीचा नियतांकही मला टाकून द्यावासा वाटत नाही. नियत म्हणजे ठरलेला, बांधलेला. एक राशी चालतेही आणि बांधलेलीही, हे कसे? शाळेतली रेषा आठव. तिच्या समीकरणात चढ असतो. एक रेषा हातात घेतलीस की चढ ठरलेला, तो हलत नाही. रेषांचा सगळा जुडगा समोर घेतलास की चढ बदलत जातो आणि एकेक रेषा उभी राहते. प्राचल शब्दाने चालणारी बाजू पकडली, नियतांकाने थांबलेली. मराठीत लिहिताना मात्र नियतांक वापरू नकोस. हिंदी पुस्तकांत तो सरळ 'कॉन्स्टंट'साठी येतो, आणि आपण दोन्हीकडची पुस्तके वाचणारी माणसे. घोळ नक्की होईल.

वक्रपृष्ठाच्या बाबतीत या दोन्ही बाजू एकाच वेळी लागतात. ते बघायला बुट्टी घे. पुण्याकडे टोपली म्हणतात ती. बुट्टी हा शब्द आपल्याकडे कन्नड आणि मराठी दोन्ही घरांत सारखाच चालतो. बांबूच्या बुट्टीत उभ्या कामट्या असतात आणि त्यांच्यातून आत-बाहेर करत आडवे फेर घातलेले असतात. आता बुट्टीवर कुठेही बोट ठेव आणि जागा सांग. "सातवी कामटी, चौथा फेर" एवढे पुरे. तिसरा आकडा कोणी मागणार नाही. बुट्टी किती फुगलेली, कुठे आत वळलेली, हे सगळे विणीतच आले आहे. ती तीन मितींच्या जागेत बसली आहे म्हणून तिच्या अंगावर चालायला तीन दिशा मिळत नाहीत. मुंगीला तिथे दोनच स्वतंत्र दिशा आहेत, कामटीवरून वर-खाली आणि फेरावरून डावी-उजवी. बाकीची प्रत्येक वाट या दोहोंच्या मिश्रणाने होते. दोन प्राचले पुरतात ती एवढ्यासाठी.

फेर बांधून ठेव आणि कामटीचा आकडा चालू दे, एक आडवी रेघ मिळेल. कामटी बांधून फेर चालू दे, उभी रेघ मिळेल. एक नियत, दुसरा चल, आणि मग अदलाबदल. शहापूर-वडगावात मागांच्या आवाजात ज्यांचे बालपण गेले त्यांना हे ताणा-बाणा म्हटले की लगेच कळते. मागावर सपाट ताणलेले कापड म्हणजे प्राचलांचा प्रांत (डोमेन), तेच अंगाला गुंडाळले की पृष्ठ. धाग्यांचे क्रमांक मागावर होते तेच अंगावर राहतात. फक्त प्रत्येक गाठीला अवकाशात जागा मिळते. ती जागा सांगणारे तीन निर्देशक म्हणजे दोन प्राचलांची तीन फलने. अख्खी व्याख्या एवढीच.

गोलासाठी हे आपण भूगोलात आधीच केले आहे, अक्षांश आणि रेखांश. बेळगाव सुमारे १५ अंश ५१ मिनिटे उत्तर, ७४ अंश ३० मिनिटे पूर्व. दोन आकडे, गाव सापडले. गोलाची त्रिज्या 'त', अक्षांश 'अ', रेखांश 'र' धरले तर (ज्या म्हणजे साइन, कोज्या म्हणजे कोसाइन)

क्ष = त × कोज्या अ × कोज्या र
य = त × कोज्या अ × ज्या र
झ = त × ज्या अ

तुझ्या पुस्तकात बहुधा अक्षांशाऐवजी उत्तर ध्रुवापासून मोजलेला कोन असेल, म्हणून तिथे ज्या आणि कोज्या उलट दिसतील. घाबरू नकोस, गोल तोच आहे.

आणि 'गोल तोच आहे' यातच तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दडले आहे. बेळगावहून खानापूरला जाणारा रस्ता किलोमीटरच्या दगडांनी सांगता येतो, किंवा बस सुटल्यापासून झालेल्या मिनिटांनी. वाटेत बस थांबली तर मिनिटे पुढे जातील, दगड नाही. मोजण्या दोन, रस्ता एक. प्राचल रस्त्याचे नसते, रस्ता सांगणाऱ्याचे असते. म्हणून 'प्राचलिक पृष्ठ' हा शब्दशः उभा केलेला शब्द मला पटत नाही. त्यातून असे वाटते की काही पृष्ठे प्राचलिक जातीची आणि काही नसलेली. जात पृष्ठाची नाही, वर्णनाची आहे. 'पृष्ठाचे प्राचलीकरण' म्हण, किंवा 'प्राचलांत मांडलेले पृष्ठ'. एका गोलाची कितीतरी प्राचलीकरणे होतात, हे वाक्य मराठीत सहज बसते. 'एका गोलाची कितीतरी प्राचलिक पृष्ठे' म्हटलेस तर अर्थच बिघडतो.

आता पृष्ठ. शाळेत आपण वक्रपृष्ठफळ शिकलो, वृत्तचितीचे आणि शंकूचे. तिथे 'वक्र' लावायचे कारण होते, वृत्तचितीची सपाट टोके वगळायची होती. कलनात सपाट प्रतलही पृष्ठांतच मोडते, म्हणून सर्वसाधारण शब्द नुसता पृष्ठ ठेवावा आणि वळलेपणावर जोर द्यायचा असेल तेव्हाच वक्रपृष्ठ म्हणावे. पृष्ठ म्हणजे संस्कृतात पाठ. आपली 'पाठ' त्यातूनच आली. कन्नडमधला मेल्मै याच वळणाचा आहे, 'मेल्' म्हणजे वरचे, 'मै' म्हणजे अंग. एका भाषेने पाठ घेतली, दुसरीने अंग. गणिताचे शब्द शरीरावरून घ्यावेसे दोन्हीकडच्या माणसांना वाटले, याचे मला फार अप्रूप आहे.

पृष्ठफळ हा शब्दही नुसता शाळेचा नाही. भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत गोलाच्या पृष्ठफळाचा श्लोक आहे. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला 'वेदांनी' गुणायचे (वेद म्हणजे चार) की गोलाच्या वरचे फळ मिळते, 'कन्दुकस्येव जालम्', चेंडूवरच्या जाळ्यासारखे. पुढे तेच 'फलं पृष्ठजम्'. ही जाळ्याची उपमा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. चेंडूभोवतीचे जाळे म्हणजे उभ्या-आडव्या रेघा. सगळ्या पृष्ठाचे माप घ्यायचे तर जाळ्याच्या घरांची मापे घ्यायची.

बहुचल कलन तेच करते, घरे मात्र हवी तेवढी बारीक करून. दोन्ही प्राचलांनुसार स्थितिसदिशाचे (आरंभबिंदूपासून पृष्ठावरच्या बिंदूपर्यंतच्या बाणाचे) आंशिक विकलज काढ, म्हणजे एक प्राचल बांधून दुसऱ्यानुसार तो किती बदलतो ते. एक सदिश उभ्या रेघेला स्पर्श करतो, दुसरा आडव्या रेघेला. दोघांनी मिळून तयार होणारा छोटा समांतरभुज चौकोन म्हणजे जाळ्याचे एक घर. त्याचे क्षेत्रफळ त्या दोघांच्या सदिश गुणाकाराच्या (क्रॉस प्रॉडक्टच्या) लांबीइतके, आणि तो गुणाकार ज्या दिशेला रोखलेला असतो ती पृष्ठाच्या अभिलंबाची, म्हणजे पृष्ठाला काटकोनात उभ्या रेषेची. गोलासाठी ही लांबी त्रिज्येचा वर्ग गुणिले कोज्या अ अशी येते. ही कोज्या कुठून आली? एक अंश अक्षांश पृथ्वीवर कुठेही सुमारे १११ किलोमीटरच भरतो. एक अंश रेखांश मात्र विषुववृत्तावर सुमारे १११, बेळगावच्या अक्षांशावर सुमारे १०७ आणि ६० अंशांवर विषुववृत्तावरच्या निम्मा. घरे ध्रुवाकडे अरुंद होत जातात, त्याचा हिशेब कोज्या ठेवते. दक्षिण ध्रुवापासून उत्तर ध्रुवापर्यंत कोज्येचे संकलन (इंटिग्रल) २ येते, रेखांशाच्या पूर्ण फेऱ्याचे २ पाय (π), आणि गुणाकार ४ पाय त्रिज्यावर्ग. भास्कराचार्यांचे चार.

ध्रुवावर काय होते तेही पाहून घे, परीक्षेत विचारतात. बुट्टीच्या बुडाशी सगळ्या कामट्या एकत्र येतात. तिथे बोट ठेवून "कितवी कामटी?" असे विचारले तर उत्तर नाही. ध्रुवाचा रेखांश सांगता येत नाही तो याच कारणाने. तिथे रेखांशानुसारचा विकलज शून्य होतो आणि सदिश गुणाकारही शून्य. पुस्तक म्हणेल, प्राचलीकरण इथे नियमित नाही. गोलात खोट नाही बरं का. ध्रुवही बाकीच्या बिंदूंइतकाच गुळगुळीत आहे. खोट आपल्या विणीत आहे, आणि वीण बदलली की ती दुसरीकडे जाते. वर्णन आणि वस्तू वेगळी ठेवण्याचा आग्रह मी शब्दाच्या बाबतीत धरला, त्याचे कारण हेच.

गाऊस हा जर्मन गणिती १८२० च्या दशकात हॅनोव्हर राज्याच्या जमीनमोजणीत गुंतला होता. १८२७ साली त्याने दोन चलांवर पृष्ठे मांडून दाखवले की पृष्ठाची वक्रता पृष्ठावरच घेतलेल्या मापांवरून काढता येते, बाहेरून पाहावे लागत नाही. कागद नळीला चुणी न पडता गुंडाळता येतो, चेंडूला येत नाही. प्राचले कोणतीही घे, हा फरक पुसता येत नाही.

शेवटी एक काम देतो. घागर डोक्यावर घेताना खाली ठेवतात ती चुंबळ पाहिली असशील. कन्नडमध्ये सिंबी म्हणतात. आधी फडके गुंडाळून लांब वळकटी करायची, मग तिची दोन टोके जोडायची. इथेही दोन कोन पुरतात : डोक्याभोवती किती फिरलो आणि वळकटीच्या जाडीभोवती किती फिरलो. मोठी त्रिज्या 'म', वळकटीची त्रिज्या 'ल' धरून तिन्ही निर्देशक लिही आणि सदिश गुणाकार कुठे शून्य होतो का ते शोध. 'म' हा 'ल'पेक्षा मोठा असेल तर कुठेच होत नाही. चुंबळीला ध्रुव नसतो.