कृत्रिम झडप आणि परत परत येणारा ताप

वडिलांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, तीन आठवडे ताप येतोय, अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू असताना उतरतो आणि कोर्स संपला की पुन्हा चढतो, असं तुम्ही लिहिलंय. मी हृदयविकार विभागात बरीच वर्षं काम केलंय. पुढचा कोर्स घरी सुरू करू नका, आजच हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या आणि ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा, विषय तुम्हीच काढा.

कारण असं की झडपेवर जंतूंनी घर केलं असेल (याला एंडोकार्डायटिस म्हणतात) तर तोंडाने घेतलेल्या गोळ्यांनी ते मरत नाहीत, नुसते दबतात. मग कल्चर निगेटिव्ह येऊ शकतं आणि नेमका जंतू कोणता, कुठलं औषध चालेल, हे कळायची वाट बंद होते. म्हणून अँटिबायोटिकआधी वेगवेगळ्या शिरांमधून किमान तीनदा रक्त घेतात. रुग्ण अत्यवस्थ असेल तर मात्र कल्चर घेतल्या घेतल्या औषध सुरू करतात, रिपोर्टसाठी थांबत नाहीत. आधी घेतलेल्या गोळ्यांची नावं आणि तारखा लिहून न्या.

तुमचा दुसरा मुद्दा, ‘टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आहे’. कृत्रिम झडपेच्या बाबतीत यावर मी विसंबणार नाही. छातीवरून केलेल्या इकोत झडपेच्या सावलीमागे बरंच काही लपतं. अन्ननलिकेतून केलेला इको, म्हणजे टीईई, लागतो. तोही निगेटिव्ह आला आणि शंका कायम असली, तर पाच-सात दिवसांनी परत करतात. नखांखाली लाल रेघा, बोटांच्या टोकांवर दुखऱ्या गाठी या पुस्तकातल्या खुणा दिसल्या तर दिसल्या. नसल्या म्हणून आजार नाही असं होत नाही.

निदान पक्कं झालं तर कृत्रिम झडपेला सहसा किमान सहा आठवडे शिरेतून औषध चालतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला की घरचे डिस्चार्जसाठी मागे लागतात. कृपया लागू नका. हार्ट फेल्युअर झालं, झडपेभोवती पू झाला किंवा औषधाला दाद मिळेना, तर ऑपरेशन लागतं. झडपेभोवतीचा पू कधीकधी ईसीजीतल्या बदलावरून आधी लक्षात येतो, त्यामुळे ईसीजी वारंवार काढला तर वैतागू नका.

धाप लागली, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर थेट इमर्जन्सी. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका आणि डोसही बदलू नका.

दाताचं काम निघालं तर डेंटिस्टला झडपेबद्दल आधीच सांगा. अशा रुग्णांना त्यापूर्वी अँटिबायोटिकचा एक डोस देतात.