एचओ (1:87 प्रमाण) मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर वळणावरची 60 सेंटिमीटर रुंद दरी ओलांडायला कोणता पूल बांधावा? तो खेळण्यातला वाटू नये म्हणून काय करावं?

तुमच्या प्रश्नातली मापं अशी: दरी 60 सेंटिमीटर, वरचा एकेरी मार्ग 600 मिमी त्रिज्येच्या वळणावर, आणि दरीच्या तळातून दुसरा मार्ग जातो. तुमच्या मनात या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच मोठा ट्रस (दांड्यांच्या त्रिकोणी सांगाड्याचा) पूल आहे. माझा सल्ला सरळ आहे: इथे ट्रस विसरा आणि 200 मिमीचे तीन गाळे (दोन आधारांमधले पुलाचे तुकडे) प्लेट गर्डरचे, म्हणजे उभ्या पत्र्याच्या तुळयांचे टाका, रूळ गर्डरच्या डोक्यावरून नेऊन.

कारण गर्डर वळत नाही. वळणावरचा लोखंडी पूल बहुधा सरळ गाळ्यांचाच असतो, प्रत्येक खांबावर दिशा थोडी बदलते आणि वरचे रूळ तेवढे गोलाईत जातात. गाळ्याच्या मध्यावर रूळ सरळ रेषेपासून किती सरकतात ते काढायचं सूत्र सोपं आहे: गाळ्याच्या लांबीचा वर्ग, भागिले त्रिज्येची आठपट. 200 मिमीच्या गाळ्याला 40,000 भागिले 4,800, म्हणजे 8.3 मिमी. 600 मिमीच्या एकाच गाळ्याला हेच अंतर 75 येतं (एवढ्या लांबीला सूत्र जरा कमी दाखवतं, प्रत्यक्षात 80). ट्रसच्या दोन बाजूंमधून गाडी जायची तर आतली रुंदी तेवढी वाढवावी लागेल, शिवाय लांब डबा वळणावर मध्यभागी आत झुकतो आणि टोकांना बाहेर जातो. 303 मिमी लांब आणि दोन बोगींमध्ये (डब्याखालच्या चाकांच्या गाड्यांमध्ये) 218 मिमी अंतर असलेला डबा या वळणावर आत साधारण 10 आणि बाहेर 9 मिमी जागा मागतो. असा पूल उंचीपेक्षा रुंदीलाच जास्त होतो आणि लांबूनही खोटा दिसतो. खालून नेलेल्या गर्डरला या हिशोबाची फिकीर नाही, कारण डब्याच्या बाजूला काहीच नसतं.

आता उंची. खालच्या रुळाच्या माथ्यापासून पुलाच्या सर्वांत खालच्या भागापर्यंत 75 मिमी मोकळे ठेवा, वर विजेची तार असेल तर जास्त. त्यावर गर्डर 20, त्याच्या वरखालच्या पट्ट्या दीड-दोन, स्लीपर (रुळाखालच्या आडव्या पट्ट्या) 3 आणि रूळ 2, म्हणजे रुळापासून रुळापर्यंत 102 मिमीच्या आसपास. दोन टक्के चढाने एवढं वर यायला 5 मीटर लागतात, अडीच टक्क्यांनी 4 मीटर. तेवढी लांबी नसेल तर खालचा मार्ग उतरवा आणि फरक दोघांत वाटून घ्या. चढाची सुरुवात किंवा शेवट मात्र पुलावर येऊ देऊ नका. तिथे कपलिंग (डबे जोडणारे आकडे) सुटतात आणि कारण लवकर सापडत नाही.

कापाकापीच्या आधी प्लायवुडची रूळपट्टी दरीवरून अखंड टाका, रूळ तात्पुरते बसवा आणि गाड्या दोन्ही दिशांनी चालवा. वळण आणि पातळी मनासारखी झाली की रुळाची मध्यरेषा कागदावर उतरवून घ्या आणि मगच दरीवरचा प्लायवुड कापा. आधी दरी खोदून मग पूल दोन टोकांना जुळवत बसणाऱ्याला दोन्ही टोकांची उंची कधीच नेमकी मिळत नाही.

गर्डर कसा करायचा ते एका गाळ्यावर सांगतो. खोली लांबीच्या दहाव्या-बाराव्या हिश्शाला खरी दिसते, म्हणून 20 मिमी. दोन गर्डरांमधलं अंतर सरळ मार्गावर 23 मिमी पुरलं असतं. इथे रूळ गाळ्याच्या टोकांशी 4 मिमी आत आणि मध्याशी 4 मिमी बाहेर ठेवायचे आहेत, म्हणून 28 घ्या. त्यामुळे आतला आणि बाहेरचा गर्डर सारख्या लांबीचे राहत नाहीत. आतला 194 आणि बाहेरचा 204 कापा. दोन्ही 200 ठेवलेत तर खांबावर आतले गर्डर एकमेकांवर आदळतात आणि बाहेरच्यांत बोटभर फट पडते.

मधला पत्रा 1 मिमी जाडीच्या स्टायरिनचा (प्लास्टिकच्या शीटचा). वरखाली 4.5 मिमी रुंद आणि अर्धा मिमी जाड पट्टी, तिच्यावर मधल्या दोनतृतीयांश लांबीत आणखी एक पट्टी, कारण खऱ्या गर्डरलाही ताण मध्याशी जास्त म्हणून तिथे लोखंड जास्त. उभ्या ताठपट्ट्या दोन्ही गर्डरांना सारख्याच 13 जागी लावा. आतल्यावर अंतर 16 मिमीच्या आसपास, बाहेरच्यावर 17. संख्या सारखी असली की समोरासमोरच्या पट्ट्यांना आडव्या कैच्या जोडता येतात. पत्र्याच्या दोन्ही बाजू धरून एका गाळ्याला 52 पट्ट्या. एव्हरग्रीन कंपनीच्या तयार कोनपट्ट्या घेतल्यात तर काम सुबक होतं, साध्या चौकोनी पट्ट्यांनीही भागतं.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे एका बाजूच्या सगळ्या पट्ट्या चिकटवून पत्रा तसाच ठेवून देणं. सॉल्व्हंटने (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या द्रवाने) स्टायरिनचा पृष्ठभाग मऊ होतो, सुकताना आकसतो, आणि सकाळी गर्डर केळ्यासारखा वाकलेला मिळतो. एक पट्टी पुढे, लगेच तिच्या मागची, मग पुढची जागा. सॉल्व्हंट ब्रशच्या टोकाने फटीला नुसता लावा, तो आपोआप आत ओढला जातो. ओतलात तर पट्टीच विरघळते. पूर्ण गर्डर काचेवर वजनाखाली एक दिवस राहू द्या. नंतर दोन गर्डर गुण्यात (काटकोनात) धरून दर तीन पट्ट्यांना फुलीची कैची आणि वरखाली तिरप्या पट्ट्यांची नागमोडी जोड. ही जोड दिसायला किरकोळ आहे, पण गाळा पिळू न देण्याचं काम तीच करते.

स्लीपर पुलावर नेहमीपेक्षा जाड आणि जवळजवळ असतात, मध्ये खडी नसते, खालचं दिसतं. 2.4 मिमी रुंद, 3 मिमी उंच, 40 मिमी लांब लाकडी पट्ट्या दर 4 मिमीला एक. गाळ्याला 50, एकूण 150. लांबी 35 मिमी केलीत तर वळणामुळे एका बाजूचं टोक गर्डरवर जेमतेम टेकेल. लाकूड रंगवून मग चिकटवा, कारण गोंद लागलेल्या जागी रंग मुरत नाही आणि फिकट डाग कायमचा राहतो. दर दहावा स्लीपर तांब्याचा थर दिलेल्या सर्किट बोर्डच्या पट्टीचा घेऊन त्याला रूळ डाखले तर गेज (दोन रुळांमधलं अंतर) हलत नाही. त्या तांब्यात मध्यावर कानशीने चीर पाडायला विसरू नका, नाहीतर दोन्ही रुळांतली वीज एकमेकांना जोडली जाऊन शॉर्ट होईल. डाखकाम टेबलावरच उरका. गर्डरवर ठेवून केलंत तर उष्णतेने स्टायरिन वितळतं.

रुळाचा सांधा पुलावर नको. 914 मिमीचा अखंड लवचीक रूळ तिन्ही गाळ्यांवरून जातो आणि दोन्हीकडे दीडशे मिमी जमिनीवर उरतो. सांधा टोकाच्या भिंतीच्या जवळ आला की तिथे हमखास कोन पडतो.

चालत्या रुळांच्या आत गार्ड रेल (घसरलेली गाडी आवरणारे जादा रूळ) टाका, एक आकार लहान (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत): रूळ कोड 83 असेल तर गार्ड रेल कोड 70, मध्ये 3 मिमी फट. पुलाच्या पलीकडे चारेक सेंटिमीटर नेऊन टोकं निमुळती जवळ आणतात. ती टोकं धातूची एकमेकांना टेकली की चाकाची आतली बाजू गार्ड रेलला लागताक्षणी शॉर्ट होतो, आणि तोही एखाद्याच गाडीला, एखाद्याच वेगाला. शेवटचा सेंटिमीटर प्लास्टिकचा करा, प्रश्न मिटतो.

खांबांकडे बहुतेक जण शेवटी बघतात, आणि पूल तिथेच फसतो. बघणाऱ्याला गाडीचं वजन जमिनीपर्यंत कसं पोचतं हे दिसलं पाहिजे: रूळ, स्लीपर, गर्डर, बेअरिंग (गर्डरखालची बैठक), खांबाचा माथा, खांब, पाया. यातली एक पायरी गाळली की डोळ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही. सर्वांत जास्त गाळली जाते ती बेअरिंग. गर्डर थेट दगडावर टेकत नाही. एका टोकाला पक्की बैठक आणि दुसऱ्या टोकाला रोलर किंवा डोलती बैठक असते, कारण 30 मीटरचा पोलादी गाळा 40 अंशांच्या फरकाने साधारण 14 मिमी लांबतो. मॉडेलमध्ये 5 बाय 4 मिमीचे दोन थर आणि मध्ये गोल दांडीचा तुकडा एवढं पुरे.

खांबाचा माथा रुळाच्या दिशेने 25 आणि आडवा 55 मिमी ठेवा. खाली जाताना प्रत्येक बाजू चोविसास एक या उताराने रुंदावत न्या. 96 मिमी उंचीत हा फरक 4 मिमी होतो. सरळसोट चौकोनी खांब ठोकळा वाटतो. खांब मुद्दाम 1 मिमी बुटका करून बेअरिंगखाली पातळ स्टायरिनचे तुकडे सरकवत पातळी साधा, मोठी सरळपट्टी रुळावर ठेवून. गाळे खांबाला चिकटवू नका. खांबात 1.5 मिमीची पितळी खुंटी आणि गर्डरखाली भोक, म्हणजे साफसफाईला गाळे उचलता येतात. त्यासाठी रूळही दोन्ही टोकांच्या सांध्यांवरच सुटेल असा ठेवा. खांबांची जागा ठरवताना खालच्या मार्गाची मध्यरेषा खांबापासून 30 मिमीच्या आत येऊ देऊ नका. तोही वळणावर असेल तर सर्वांत लांब डबा ढकलून पाहा.

टोकाला गर्डर थेट डोंगरात घुसवू नका. तिथे भिंत हवी, तिच्यावर बेअरिंगची पायरी, मागे खडी अडवणारी उंच भिंत आणि बाजूंना माती धरणाऱ्या तिरप्या भिंती. दगडांचे थर कोपऱ्यावर वळून दुसऱ्या बाजूला त्याच उंचीवर चालू राहिले पाहिजेत. छापील कागद किंवा शीट वापरणाऱ्यांचं इथे बिंग फुटतं.

दगडी कमानींचा मोह असेल तर एक हिशोब बघा. स्वित्झर्लंडमधला लांडवासर पूल 136 मीटर लांब, 65 मीटर उंच आणि 100 मीटर त्रिज्येच्या वळणावर आहे. 1:87 मध्ये तो दीड मीटरहून लांब, पाऊण मीटर उंच आणि 1,150 मिमी त्रिज्येचा होतो. तुमच्या जागेत त्याची एक-दीड कमान कमी करून भागत नाही, प्रमाणच बिघडतं.

ट्रस हवाच असेल तर तो दुसरीकडे सरळ मार्गावर लावा. सेंट्रल व्हॅली कंपनीचा 150 फुटी प्रॅट ट्रस एचओमध्ये 525 मिमी होतो. स्वतः बांधणार असाल तर प्रॅट प्रकारात दोन्ही टोकांच्या तिरप्या दांड्या सोडून बाकी तिरप्या दांड्या पुलाच्या मध्याकडे खाली उतरतात. त्या ताणात असतात म्हणून बारीक, आणि उभ्या दाबात म्हणून जाड. उलट्या लावल्यात तर दांड्यांची जाडीही उलटी करावी लागेल.

रिव्हेटचं डोकं एचओमध्ये अवघं 0.4 मिमी येतं. फक्त समोरून दिसणाऱ्या गर्डरवर, ताठपट्ट्यांच्या आणि वरखालच्या कडेने आर्चर कंपनीच्या उठावदार रिव्हेटांच्या ओळी लावा, मग प्राइमर. मागच्या बाजूला एकही नको, कुणी बघत नाही.

रंग राखाडी किंवा ऑक्साइड लाल, पूर्ण मॅट. गंज सगळीकडे सारखा फासू नका: तो खालच्या पट्टीच्या वरच्या पृष्ठभागावर, जिथे पाणी साचतं तिथे, आणि बेअरिंगपासून खांबावर खाली ओघळतो. खालून वाफेची इंजिनं जात असतील तर त्या मार्गावरच्या गाळ्याच्या पोटाला काजळी. दगडांच्या फटींसाठी अर्धा लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये 5 ते 10 मिली काळी शाई पुरते. हे मिश्रण मॅट वार्निशच्या आधी लावा. वार्निशवर लावलंत तर पांढरी साय धरते आणि ती घालवायला पुन्हा वार्निशचा हात मारावा लागतो.