पंचवीस मिनिटं, तीही रविवारी

"ताई, इंजिनिअरिंगला मला हायवेवरचं कॉलेज हवंय. केवढा हिरवागार कॅम्पस आहे! पप्पा म्हणतात, पोरीच्या जातीला लांब नको, गावातलंच घे. तिथं एक झाड नाही, वर्गात हॉर्न ऐकू येतात. घरात रोज वाद, आई मध्ये पिचतेय. पप्पांना कसं समजावू? (रविवारी गाडीतून जाऊन बघून आलो, पंचवीसच मिनिटं लागली.)" – एक मुलगी, जुळे सोलापूर

अगं, सगळा घोटाळा त्या कंसात आहे. रविवारी लॅबला कुलूप, वर्ग बंद, रस्ता मोकळा. तुम्ही दोघं लॉन पाहून आलात आणि कॉलेजवरून भांडताय. आई पिचतेय म्हणतेस. पिचू दे आणखी दोन दिवस.

येत्या मंगळवारी तू एकटी तिथं जा. घरची गाडी नको, मैत्रीणही नको. भरलेली सॅक आणि डबा घे, पहिल्या तासाला गेटवर पोच आणि शेवटचं प्रॅक्टिकल संपल्यावरच नीघ.

शेअर रिक्षाने एसटी स्टँड गाठ. महापालिका परिवहनच्या बसवर विसंबून वेळापत्रक आखता येत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. स्टँडवरून साधी लाल गाडी धर, लांब पल्ल्याच्या गाड्या फाट्यावर थांबतीलच असं नाही. विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, त्यामुळे पैशाचं फार अडणार नाही. अडेल ते वेळेचं. रिक्षा भरेपर्यंत किती थांबलीस, गाडी कधी आली, फाट्यापासून गेटपर्यंत किती चाललीस, सगळं मोबाइलमध्ये लिही. आत्ता जुलैत ते चालणं काहीच वाटणार नाही. उन्हाळी परीक्षेच्या दिवसांत पारा चाळिशीपार असतो आणि तुझी हिरवळ सगळी गेटच्या आत आहे. परतीची गाडी हायवेच्या पलीकडून मिळते. तिथं जायला भुयारी मार्ग आहे की दुभाजक ओलांडायचा? संध्याकाळी दिवा लागतो का?

कॉलेजची बस आहे की, म्हणशील. असेल. ती कितीला सुटते आणि प्रॅक्टिकल कितीला संपतं, एवढंच विचार. प्रॅक्टिकल पावणेपाचला संपून बस पाचला सुटत असेल, तर चार वर्षं तू ना लायब्ररीत बसशील, ना जर्नल तपासून घ्यायला थांबशील, ना सरांना शंका विचारशील. धावत बस पकडशील. गावाबाहेरच्या कॉलेजचं खरं दुखणं हे, आणि ते माहितीपत्रकात छापत नाहीत. शनिवारी आणि परीक्षेच्या दिवशी बस असते का, तेही विचार.

दुपारी तीनला मुलींच्या टॉयलेटच्या नळाला पाणी आहे का बघ. सकाळी सगळीकडेच असतं. मे महिन्यात बोअर टिकते की टँकर येतो, हे ऑफिसात न विचारता तिथल्या मुलींना विचार. सबमिशनच्या आठवड्यात झेरॉक्स आणि स्पायरल बाइंडिंग कुठं करतात, तेही. कॅन्टीनशेजारी एकच मशीन असलं, तर ते नेमकं त्याच आठवड्यात बंद पडतं.

बुधवारी गावातल्या कॉलेजात असाच दिवस काढ. शेवटच्या बाकावर बसून खिडकी लाव आणि सर ऐकू येतात का बघ. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत आजूबाजूचे रस्ते बंद होतात, तेवढा ताप आहे. पण संध्याकाळी सातला निघालीस तरी रिक्षा मिळते. झाड नाही, त्याला इलाज नाही.

हे सगळं कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म लॉक करायच्या आधी. कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं, की जागा आपोआप फ्रीज होते आणि पुढच्या फेऱ्यांत कॉलेज बदलता येत नाही.

पप्पांना समजावत बसू नकोस. 'पोरीची जात' हे कारण मला मंजूर नाही; मिनिटं मंजूर आहेत. बुधवारी रात्री दोन्ही दिवसांच्या वेळा त्यांच्यासमोर ठेव. हायवेला जाऊन-येऊन तीन तास गेले असतील, तर गावातलं कॉलेज तू स्वतःच वर टाकशील. दीड तासात भागलं असेल, तर 'लांब' म्हणायला त्यांच्याकडे काही उरणार नाही.