लोकशाहीची तब्येत अभ्यासक मोजतात कशी? मराठवाड्यातल्या एका तालुक्यावर प्रबंधिकेसाठी ते जमेल का?

जमेल, पण जगभरच्या मोजपट्ट्या तशाच उचलू नका. फ्रीडम हाउस ही अमेरिकी संस्था देशांना 100 पैकी गुण देते: 40 राजकीय हक्कांना, 60 नागरी स्वातंत्र्याला. स्वीडनच्या गोटेनबर्ग विद्यापीठातला व्ही-डेम प्रकल्प तज्ज्ञांच्या उत्तरांवरून 0 ते 1 असा अंक काढतो. अडचण अशी की एक तज्ज्ञ कडक, दुसरा मवाळ. म्हणून सगळ्यांना तीच काल्पनिक उदाहरणं देऊन फरक जुळवतात. तरी हा अंक देशाचा. भोकरदन किंवा गंगाखेडबद्दल तो काही सांगत नाही.

तालुक्यासाठी ग्रामसभा धरा. वर्षाला किमान 4 सभा, गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) 15 टक्के मतदार किंवा 100, यातलं जे कमी ते. म्हणजे 600 मतदारांच्या गावात 90 माणसं हवीत. हजेरी आणि इतिवृत्ताच्या नकला माहिती अधिकारात मागा (अर्ज 10 रुपये, मुदत 30 दिवस). ओळीने एकाच वळणाच्या सह्या दिसल्या तर सभा कागदावरच झाली असावी. तहकूब (गणपूर्तीअभावी पुढे ढकललेल्या) सभा वेगळ्या मोजा, त्यांना गणपूर्तीची अट नसते; नुसत्या सभा मोजल्या तर हीच पळवाट नजरेतून सुटते.

ग्रामपंचायत निवडणुकीतला ‘बिनविरोध’ हा आकडा सर्वांत फसवा. एकोपा, दबाव की पदांचा लिलाव? जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने लिलावावरूनच नाशिकमधल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीची निवडणूक रद्द केली होती. म्हणून माघारीचे अर्ज तपासा: शेवटच्या दिवशी किती जणांनी एकदम माघार घेतली?