सुतकात नामाचं काय करायचं?

माउली, घरातलं माणूस गेल्यावर दहा दिवस देवपूजा थांबते, नामस्मरण थांबत नाही. ‘रामकृष्णहरी’ मनातल्या मनात चालतं. इथेच बरेच नवे वारकरी सगळं सोडतात, आणि तेराव्यानंतर परत बसणं जड जातं.

पूर्ण हरिपाठाचा हट्ट आत्ता नको. सत्तावीस-अठ्ठावीस अभंग रडत रेटले की पुढे पोथी बघूनच धास्ती वाटते. रोज ठरल्या वेळी एक माळ, १०८ मणी, पाचेक मिनिटं पुरतात. मेरुमणी, म्हणजे माळ जिथे जोडलेली असते तिथला वेगळा मणी, आला की तो न ओलांडता माळ उलटी फिरवा. मन भरकटलं तरी मणी पुढे सरकवा. माळा वाढवायची घाई महिनाभर तरी करू नका.

देवाचा राग येतो? त्याला तोंडावर सांगा. जनाबाईंनी विठोबाला शिव्या घातल्या, आणि १६३०च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, हे त्यांनी अभंगात न लपवता मांडलं. ‘देवाला आवडला म्हणून नेला’ म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. जेवण तुटलं असेल तर एकादशी सोडा. झोपच येत नसेल तर डॉक्टरांकडे जा. त्याने निष्ठा कमी होत नाही. भजनाला मात्र जा, टाळ न घेता मागे बसलात तरी चालेल.