‘पोस्ट’ची तीन घराणी

ताई, तुमच्या आठवीतल्या लेकीनं पोस्टमन, गोलपोस्ट, पोस्टमॉर्टम, पोस्टिंग आणि पोस्टपोन हे पाच शब्द वहीत लिहून विचारलं, की यांत ‘पोस्ट’चा नेमका अर्थ कोणता? शिकवणीत तिला ‘पाठ कर’ एवढंच उत्तर मिळालं. मी इंदुरातच आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, त्यामुळे हे वाचून वाईट वाटलं. पोरीचा प्रश्न चांगला आहे. ती फक्त पाचांचा मिळून एकच अर्थ शोधतेय, तिथं अडलंय.

इंग्रजीकडे वळण्याआधी तिच्यासमोर ‘खत’ हा शब्द ठेवा. शाळेतल्या हिंदीत खत म्हणजे चिठ्ठी, आजोबांच्या कपाटात घराचं खरेदीखत, आणि शेतात शेणखत. कागदावरचं खत अरबीतून फारसीमार्गे आलं, शेतातलं आपलं देशी. लिहायला दोन्ही सारखी, नातं काहीच नाही. खरेदीखत आणि शेणखत यांच्यात सामायिक अर्थ शोधत बसलं तर हाती काय लागणार? पोस्टचंही तसंच आहे. दिसायला एक शब्द, पण घराणी तीन.

पहिलं घराणं सोपं. लॅटिनमध्ये ‘पोस्ट’ म्हणजे नंतर. पोस्टमॉर्टम म्हणजे मरणानंतरचं. घड्याळातलं पी.एम. म्हणजे पोस्ट मेरिडियम, माध्यान्हीनंतर. पत्राच्या शेवटी इंग्रजीत पी.एस. लिहितात ते पोस्ट स्क्रिप्टम, लिहून झाल्यावरचं. आपण तिथं ता.क. लिहितो.

दुसरं घराणं खांबाचं. लॅटिन ‘पोस्टिस’ म्हणजे दाराच्या चौकटीचा उभा खांब. गोलपोस्ट, लॅम्पपोस्ट त्यातले. जुन्या काळी इंग्लंडात जाहीर सूचना खांबावर लावत, त्या लावण्यालाही पोस्ट करणं म्हणू लागले, आणि पोस्टर तिथूनच आलं. गंमत म्हणजे फेसबुकवरची पोस्टसुद्धा याच घराण्यातली. आपण ‘पोस्ट टाकली’ म्हणतो, जणू टपालपेटीत टाकली. इंग्रजीत मात्र ती चारचौघांना दिसावी म्हणून लावलेली सूचना आहे.

तिसरं घराणं मला सगळ्यांत आवडतं. लॅटिन क्रियापद ‘पोनेरे’, म्हणजे ठेवणे. त्यापासून ‘पोझिटुम’, ठेवलेलं. वाटेत ठरावीक अंतरावर ताजे घोडे आणि स्वार ठेवलेले असत, त्या ठिकाणाला इटालियनमध्ये ‘पोस्ता’ म्हणू लागले. मग ती व्यवस्था, तिच्यावरून जाणारी पत्रं, ती आणणारा माणूस, सगळ्यांना तेच नाव चिकटलं. सोळाव्या शतकातल्या इंग्रजी पत्रांवर ‘हेस्ट, पोस्ट, हेस्ट’ असं लिहीत, म्हणजे स्वारा, घाई कर. आपल्याकडे ‘डाक’ हा शब्दही मुळात टप्प्याटप्प्याला बदलणाऱ्या घोड्यांचा आणि हरकाऱ्यांचाच. डाकबंगला त्याच वाटेवरचा मुक्काम. जीपीओ (मुख्य टपाल कार्यालय) चौराह्यावरून जाताना लेकीला हे जरूर सांगा.

सैनिकाला जिथं ठेवलं ती त्याची पोस्ट, आणि तिथं पाठवणं म्हणजे पोस्टिंग. याच ‘ठेवण्या’तून पोझिशन, ऑपोझिट (समोर ठेवलेलं), डिपॉझिट आणि बसचा डेपो. बँकेतली ठेव आणि बसचा डेपो ही सख्खी भावंडं आहेत, आणि मराठीत आपणही डिपॉझिटला ‘ठेव’च म्हणतो!

कंपोस्टही इथलंच: एकत्र ठेवलेलं. आणि इथं आपल्या गावाचं नाव येतं. 1924 ते 1931 या काळात ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इंदूरच्या कृषी संशोधन संस्थेत होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्रानं भिजलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ठरल्या वेळी ते उलटायचे आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार करायचं, अशी रीत बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. आज आपण ओला-सुका कचरा वेगळा करतो तेव्हा गावातल्या किती मुलांना हे ठाऊक असतं? शाळेत हे शिकवायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

एक सावधगिरी: ‘पॉसिबल’ला या घराण्यात ओढू नका. तो ‘शकणे’ या अर्थाच्या वेगळ्या लॅटिन शब्दातून आलाय.

उरला पोस्टपोन, तिच्या यादीतला सगळ्यांत सुंदर शब्द. त्यात पहिलं आणि तिसरं घराणं एकत्र आलंय: ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, ‘पोन’ म्हणजे ठेवणे. नंतर ठेवलं, पुढे ढकललं. त्यावरूनच आपल्याकडे ‘प्रीपोन’ रूढ झालं. मुलांनी ते लिहिलं की पुष्कळ शिक्षक लाल रेघ मारतात. मी कधीच मारली नाही. ‘प्री’ म्हणजे आधी, ‘पोन’ म्हणजे ठेवणे. घडण अगदी शुद्ध आहे, आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशांतही भारतीय इंग्रजीतला शब्द म्हणून त्याची नोंद आहे. लेकीचा पेपर ठरल्या तारखेच्या अलीकडे आला तर तिला बेधडक प्रीपोन लिहू द्या.